तंबू कोणी लावला?

मराठीत तंबूला शब्दांची वाण नाही. बखरींत डेरे आहेत, राहुट्या आहेत, कनाती आहेत; गावाबाहेरच्या माळावर भटक्या जमातींची पालं आहेत. शब्द बदलला की क्रियापदही बदलते. डेरा पडतो. फौजेचा तळ पडतो. तो कोणी उभारला, खुंट्या कोणी ठोकल्या, हे विचारायला त्या वाक्यात जागाच नाही. पाऊस पडावा तसा डेरा पडतो. पाल मात्र ठोकावे लागते, सकाळी मोडावे लागते, गाढवाच्या पाठीवर लादून पुढच्या गावी न्यावे लागते. पालाच्या वाक्यात माणूस असतोच.

हिमालय आणि काराकोरममधील मोहिमांवरची पुस्तके मी गेली तीसेक वर्षे वाचतो आहे. सुरुवातीला सगळे वाचतात तशी शिखरासाठी वाचली. पुढे शिखराची प्रकरणे एकमेकांसारखी वाटू लागली: वारा, झेंडा, छायाचित्रे, पाच-पंधरा मिनिटे आणि उतरण. मोहिमेतला माणूस शिखरावर काही मिनिटे असतो. तंबूत तो आठवडेच्या आठवडे असतो. तिथे तो खातो, खोकतो, भांडतो, पत्रे लिहितो, वादळ संपायची वाट पाहतो. पुस्तकातला खरा माणूस तिथेच सापडतो. तेव्हापासून वाचताना समासात पेन्सिलीने एकच प्रश्न लिहायची मला सवय लागली: हा तंबू कोणी लावला?

या प्रश्नाची जी उत्तरे पुस्तकांनी दिली, आणि जी दिली नाहीत, त्यांच्याविषयी हा लेख आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: मोहीम-साहित्याची पारख शिखराच्या वर्णनावरून करू नये, तंबूच्या वाक्यावरून करावी. लेखक ज्या वाक्यात छावणी उभी करतो, त्याच वाक्यात तो कर्त्याला ठेवतो किंवा गाळतो. आणि पुस्तकाचा खरेपणा बऱ्याच अंशी तिथेच ठरतो.

जागा, वजन, पाणी

आधी या कामाचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. साडेपाच हजार मीटरच्या आसपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. आठ हजारांच्या वर तो जेमतेम एक तृतीयांश उरतो. तिथे दोन पावले टाकली की थांबून श्वास घ्यावा लागतो. अशा ठिकाणी सपाट जागा आयती मिळत नाही. कुदळीने बर्फ आणि गोठलेले दगड खणून ओटा करावा लागतो. तंबूच्या दोऱ्या बांधायला खुंटी धरत नाही. मग दगड, बर्फात पुरलेल्या पिशव्या, रिकाम्या नळकांड्या, जे मिळेल त्याला त्या बांधायच्या. मैदानात पंधरा मिनिटांचे काम इथे दोन-दोन तास खाते.

तंबू लागला म्हणजे विश्रांती सुरू झाली असेही नाही. प्यायचे पाणी बर्फ वितळवून करायचे. आठ हजार मीटरवर पाणी पंचाहत्तर अंशांच्या आतच उकळते, त्यामुळे चहा धड होत नाही आणि भात शिजत नाही. पातेलेभर बर्फाचे घोटभर पाणी होते. दार बंद ठेवून स्टोव्ह पेटवला तर विषारी वायूने गुदमरण्याची भीती, उघडे ठेवले तर वारा. रात्रभरचा श्वास कापडाच्या आतल्या बाजूला गोठतो आणि पहाटे कोणी कूस बदलली की भुगा होऊन तोंडावर पडतो.

आणि हे सारे घडण्यापूर्वी तो तंबू कोणीतरी पाठीवरून वर आणलेला असतो. तंबूच्या सुधारणेचा इतिहास हा मुख्यतः वजन कमी करण्याचा इतिहास आहे. एडवर्ड व्हिम्पर यांनी १८६०च्या दशकात आल्प्ससाठी बनवलेला तंबू भक्कम, पण जड. आल्बर्ट ममरी यांच्या तंबूला खांबच नव्हते. बर्फकुऱ्हाडीच खांब म्हणून वापरायच्या. मीड यांच्या नावाचा तंबू एव्हरेस्टच्या मोहिमांवर वर्षानुवर्षे गेला. १९७०च्या अन्नपूर्णा मोहिमेत डॉन व्हिलन्स यांच्या नावाची चौकोनी पेटी होती. पुढे लवचीक दांड्यांचे घुमटाकार तंबू आले. या यादीत प्रत्येक तंबूला तो बेतणाऱ्याचे नाव आहे. वाहणाऱ्याचे नाव एकाही तंबूला नाही.

ममरी १८९५ मध्ये नंगा पर्बतवर गेले ते परतलेच नाहीत. त्यांच्याबरोबर रघोबीर आणि गोमन सिंग हे दोन गुरखा होते; तेही परतले नाहीत. ममरी यांचे नाव तंबूवर राहिले. त्या दोघांची नावे मला मिळाली ती पुस्तकाच्या आत, एका वाक्यात.

ओट्याची वरची आणि खालची पायरी

आता एका तंबूकडे नीट पाहू. २८ मे १९५३ची रात्र. एव्हरेस्टच्या आग्नेय धारेवर सुमारे ८,५०० मीटरवर नववी छावणी. आत एडमंड हिलरी आणि तेनझिंग नोर्गे. जॉन हंट यांच्या 'द ॲसेंट ऑफ एव्हरेस्ट' या ग्रंथात शिखराचे प्रकरण हिलरींनी लिहिले आहे, आणि माझ्या कसोटीवर ते चांगले उतरते.

तंबू तिथवर कसा आला, याचा पूर्ण हिशेब या ग्रंथात मिळतो. दोन दिवस आधी खुद्द हंट आणि दा नामग्याल यांनी काही सामान सुमारे ८,३०० मीटरवर नेऊन ठेवले होते. ओझी वाहणाऱ्या तिघा शेर्पांपैकी दोघे आजारी पडले. आंग न्यिमा एकटा उरला. मग जॉर्ज लो, आल्फ्रेड ग्रेगरी, आंग न्यिमा आणि खुद्द शिखरावर जाणारे दोघे, अशा पाच जणांनी ओझी वाटून घेतली. वर सपाट जागा मिळेना, तेव्हा आदल्या वर्षीची जमीन आठवून तेनझिंग यांनी डावीकडे वळायला सुचवले, हे हिलरी स्वतः नमूद करतात. तिघे सामान टाकून खाली गेले. उरलेल्या दोघांनी ओटा खणला. तो एका पातळीत झाला नाही. दोन पायऱ्या झाल्या. तंबूच्या दोऱ्या प्राणवायूच्या नळकांड्यांना बांधल्या. जेवायला सूप, बिस्किटांवर सार्डिन मासे, डब्यातली जर्दाळू, आणि साखर घातलेले भरपूर लिंबूपाणी.

दोन पायऱ्यांपैकी खालची, उताराच्या कडेवर लोंबकळणारी, तेनझिंग यांच्या वाट्याला आली. वरच्या पायरीवर हिलरी अर्धवट बसून, अर्धवट आडवे. पहाटे चारला तापमान उणे २७. रात्री बूट काढून बाहेर ठेवल्यामुळे हिलरींचे बूट दगडासारखे गोठले होते. ते स्टोव्हवर धरून मऊ करावे लागले. तेनझिंग यांनी आपले बूट पायांतून काढलेच नव्हते.

या तपशिलांतून दोन माणसे दिसतात. एक अनुभवी आणि सावध, दुसरा धडधाकट आणि जरा बेफिकीर. आणि ही बेफिकिरी तो स्वतःच सांगतो. शिखर आधी कोणी गाठले, या प्रश्नाने पुढे वर्तमानपत्रांना पछाडले. मला मात्र वाटते, या दोघांतले नाते समजून घ्यायला हा तंबू पुरेसा आहे. कडेवर कोण झोपला आणि बूट कोणी घालून ठेवले, ही दोन उत्तरे एकत्र वाचली पाहिजेत. पहिल्यात मोहिमेतली उतरंड दिसते, दुसऱ्यात जाणकारी. आणि दोन्ही एकाच माणसाकडे बोट दाखवतात.

उतरंड तंबूपासूनच सुरू झाली होती असेही नाही. काठमांडूत मोहिमेतील इंग्रजांची सोय ब्रिटिश दूतावासात झाली आणि शेर्पांची आवारातल्या गॅरेजमध्ये. शेर्पांनी त्याचा निषेध केला. ही हकीकत तेनझिंग यांच्या आत्मकथनात येते. ते १९५५ मध्ये जेम्स रॅमसे उल्मन यांच्या लेखणीतून उतरले, कारण तेनझिंग यांना लिहिता येत नव्हते. म्हणजे तंबूतल्या दोघांपैकी एकाने ती रात्र स्वतः लिहिली आणि दुसऱ्याने सांगून लिहून घेतली. ही तफावत विसरून दोन पुस्तकांची तुलना करता येत नाही.

तेनझिंग यांच्या पुस्तकातला मला सर्वांत जवळचा वाटणारा तंबू मात्र १९५३चा नाही. तो आदल्या वर्षीचा, स्विस मोहिमेतला. २७ मे १९५२ रोजी ते आणि रेमंड लँबर सुमारे ८,४०० मीटरवर होते. जवळ एक तंबू होता. झोपायच्या पिशव्या नव्हत्या, स्टोव्ह नव्हता. तरी तिथेच रात्र काढायचे ठरले, आणि ते सुचवणारे तेनझिंग होते. मेणबत्तीच्या ज्योतीवर रिकाम्या डब्यात बर्फ वितळवून त्यांनी घशापुरते पाणी केले. झोपले तर गोठू, म्हणून एकमेकांना चोळत, थोपटत रात्र काढली. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती. दुसऱ्या दिवशी शिखर हुकले. पण या तंबूत वरची आणि खालची पायरी नव्हती. हिलरींबद्दल आदराने बोलणारे तेनझिंग लँबरबद्दल जिव्हाळ्याने का बोलतात, याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही.

जिथे ठरला होता, तिथे नव्हता

कधी कधी तंबूचे वाक्य हेच पुस्तकांतल्या भांडणाचे मूळ असते. के-टूवर असे दोनदा झाले.

१९३९ मध्ये फ्रिट्झ वीसनर आणि पासांग लामा शिखराच्या जवळून परतले. सातव्या छावणीत आले तर ती उसकटलेली. झोपायच्या पिशव्या नेलेल्या. डडली वुल्फ यांना तिथे ठेवून दोघे उतरत गेले. खालच्या छावण्यांची तीच गत. वर गेलेले सगळे मेले असावेत, असे समजून शेर्पांनी वरचे सामान खाली आणले होते. खालच्या छावण्यांतल्या पिशव्या आणायला साहेबांकडूनच चिठ्ठी गेली होती, असेही पुढे उजेडात आले. वुल्फ एकटेच वर राहिले. काड्या संपल्या, म्हणजे स्टोव्ह बंद, म्हणजे पाणी बंद. पासांग किकुली आणि त्याचे साथीदार त्यांच्यापर्यंत पोचले, तेव्हा त्यांच्यात उठून चालण्याचे बळ नव्हते. त्यांनी एका दिवसाची मुदत मागितली. ३१ जुलै रोजी किकुली, पासांग कितार आणि फिन्सू पुन्हा त्यांना आणायला निघाले. त्यानंतर चौघांपैकी कोणीच दिसले नाही. वुल्फ यांचे अवशेष २००२ मध्ये खाली हिमनदीवर सापडले.

या मोहिमेवर पुढे चौकशी झाली, लेख आले, पुस्तके आली. वाद बहुतेक ठिकाणी एकाच प्रश्नाभोवती फिरतो: छावण्या कोणी रिकाम्या केल्या? वाचताना एक गोष्ट खटकत राहते. छावण्या वसवल्या गेल्या तेव्हा कर्त्याचे नाव घ्यायची कोणाला निकड वाटली नव्हती. त्या उठल्या तेव्हा मात्र शेर्पांची नावे ठळक झाली. श्रेयाच्या वाक्यात कर्ता लपतो आणि दोषाच्या वाक्यात तो पुढे येतो. ज्या तिघांनी वुल्फसाठी जीव दिला, ते याच शेर्पांपैकी होते.

दुसरा प्रसंग १९५४चा. अर्दितो देसियो यांच्या नेतृत्वाखालील इटालियन मोहीम. अकिले कोम्पान्योनी आणि लीनो लाचेदेल्ली यांनी शेवटची, नववी छावणी लावायची आणि वॉल्टर बोनात्ती व हुंझाचे अमीर महदी यांनी प्राणवायूची नळकांडी तिथे पोचवायची, असे ठरले. ३० जुलैला बोनात्ती आणि महदी ओझी घेऊन ठरल्या जागी गेले. तंबू तिथे नव्हता. तो आणखी वर, एका अवघड आडव्या चढाच्या पलीकडे होता. अंधार पडला. हाका मारल्या. वरून उजेड दिसला आणि आवाज आला की नळकांडी तिथेच ठेवून खाली जा. त्या अंधारात उतरणे म्हणजे मरण. दोघांनी सुमारे ८,१०० मीटरवर, तंबू नाही, पिशवी नाही, अशा स्थितीत उघड्यावर रात्र काढली. पहाटे दोघे खाली आले. ३१ जुलैला कोम्पान्योनी आणि लाचेदेल्ली शिखरावर पोचले. महदी यांच्या पायांची बोटे हिमदंशाने गेली.

पुढची पन्नास वर्षे हा तंबू नक्की कुठे होता यावर लिहिले गेले. वर्तमानपत्रातून आरोप झाले, बोनात्ती कोर्टात गेले आणि जिंकले. २००४ मध्ये लाचेदेल्ली यांनी आपल्या पुस्तकात मान्य केले की जागा ठरल्याप्रमाणे नव्हती, आणि ती बदलण्याचा निर्णय कोम्पान्योनींचा होता. इटलीच्या गिर्यारोहण संस्थेने नेमलेल्या तिघा अभ्यासकांनीही बोनात्तींची बाजू ग्राह्य धरली. एका तंबूची जागा मान्य व्हायला अर्धे शतक लागले.

बोनात्ती हे उत्तम लेखक. त्या रात्रीबद्दल ते आयुष्यभर पुन्हा पुन्हा लिहीत राहिले आणि ते योग्यच होते. पण त्या उघड्या ओट्यावर दोन माणसे होती. महदी यांच्या नावावर पुस्तक नाही. न्याय मागायला लेखणी लागते. ज्याच्या हाती ती होती, त्याला तो उशिरा का होईना मिळाला. दुसऱ्याची गेलेली बोटे पहिल्याच्या पुस्तकातला पुरावा म्हणून उरली. हे मी बोनात्तींना दोष देण्यासाठी लिहीत नाही. एका तंबूविषयी आपल्याला जे कळते, ते कोणाच्या मर्यादेत कळते, एवढेच दाखवायचे आहे.

'आम्ही' आणि 'लावण्यात आला'

आता आपल्या घरच्या भाषेकडे वळतो. महाराष्ट्रात गिर्यारोहण संस्था पुष्कळ, आणि मोहीम झाली की स्मरणिकेत, दिवाळी अंकात, वर्तमानपत्राच्या पुरवणीत वृत्तान्त येतो. या वृत्तान्तांची एक ठरावीक भाषा झाली आहे. 'लोड फेरी', 'रूट ओपन', 'समिट कॅम्प' हे शब्द इंग्रजी असले तरी मला त्यांची तक्रार नाही. गिर्यारोहक असेच बोलतात. तक्रार आहे ती शुद्ध मराठी वळणाची: 'कॅम्प दोन लावण्यात आला.' सरकारी पत्रकातून आलेले हे 'ण्यात आला' कर्त्याला सफाईने बाजूला करते. आणि जिथे ते नसते, तिथे 'आम्ही' असते. 'आम्ही कॅम्प दोन लावला.' मराठीत 'आपण' म्हटले की ऐकणारा आत येतो आणि 'आम्ही' म्हटले की बाहेर राहतो, इतका बारकावा आपण पाळतो. पण या 'आम्ही'मध्ये लिहिणाऱ्याबरोबर आत कोण आहे, हे मात्र विचारत नाही. तंबू लागला तेव्हा लेखक दोन हजार फूट खाली चहा पीत असला, तरी तो 'आम्ही'त असतो. आणि ज्याने ओटा खणला तो आहे की नाही, ते सांगता येत नाही.

हे दुसऱ्याला शिकवायला मी निघालेलो नाही. तरुणपणी मीही लाहौलमधल्या एका मोहिमेचा वृत्तान्त लिहिला होता. हा लेख लिहायला घेतल्यावर तो काढून वाचला. पाच पानांत तीन छावण्या 'लावण्यात आल्या' होत्या. वरच्या छावणीचा ओटा कोणी खणला, हे मला आजही स्वच्छ आठवते. मला धाप लागली होती म्हणून त्याने माझ्या हातातले फावडे काढून घेतले होते आणि मला बसवून पाठीला सॅक टेकवून दिली होती. त्याचे नाव वृत्तान्तात नाही. शेवटी साहित्याच्या यादीनंतर एक ओळ आहे: 'हाय अल्टिट्यूड पोर्टर – ३'. मी खोटे काही लिहिले नव्हते. फक्त प्रयोग कर्मणी वापरला होता.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. प्रत्येक खुंटीला नाव लिहीत बसले तर वृत्तान्त वाचणार कोण? वृत्तान्ताला वेग हवा, आणि कर्मणी प्रयोग मराठीला परका नाही. मान्य. पण हंट यांच्या मोहिमेत शेकडो हमाल होते, दोन देशांचे राजकारण होते, घाईने लिहायचे दडपण होते. तरीही शेवटचा तंबू कोणाच्या पाठीवरून कुठवर आला, हे त्या ग्रंथातून सांगता येते. म्हणजे प्रश्न जागेचा नाही. लेखकाने तंबूला मुक्कामाची खूण मानले की काम मानले, हा प्रश्न आहे.

मोहिमेच्या आकाराचाही इथे संबंध आहे. १९३४ मध्ये एरिक शिप्टन आणि बिल टिलमन यांनी ऋषिगंगेच्या घळीतून नंदादेवीच्या अभयारण्याची वाट शोधली, ती आंग थारके, पासांग आणि कुसांग या तीन शेर्पांसह. दोन साहेब आणि तीन शेर्पा. शिप्टन यांच्या १९३६च्या 'नंदादेवी' या पुस्तकात हे तिघे आपापल्या स्वभावासकट भेटतात. हा लेखकाचा मोठेपणा आहेच. पण पाच जणांत ओझे कोणी उचलले हे लपवायला जागाही नसते. गर्दी वाढली की वाक्यातून कर्ता गळू लागतो. आजच्या व्यापारी मोहिमांत तर पैसे भरलेला गिऱ्हाईक वर पोचतो तेव्हा तंबू तयार असतो, पाणी वितळलेले असते. जॉन क्राकाउर यांनी १९९७च्या आपल्या पुस्तकात हे आडपडदा न ठेवता लिहिले; एव्हरेस्टवर कष्टाची कामे शेर्पा करत होते, हे त्यांनी कबूल केले. ज्यांना अशी कबुली जमत नाही, त्यांच्या लेखनात डेरा पुन्हा आपोआप पडू लागतो.

म्हणून मला वाटते की मराठी मोहीम-वृत्तान्ताने डेऱ्याची भाषा सोडून पालाची भाषा घ्यावी. ती आपल्याकडे आहे. आणावी लागणार नाही. ठोकणे, खणणे, लादणे, मोडणे, वाहणे ही तिची क्रियापदे. ती वापरली की कर्ता मागून आपोआप येतो.

नवव्या छावणीत २९ मेच्या पहाटे हिलरींनी तंबूचे दार उघडले, तेव्हा तेनझिंग यांनी खाली बोट दाखवले. जवळजवळ पाच हजार मीटर खोल, दरीत थ्यांगबोचेचा मठ दिसत होता. हिलरींच्या दृष्टीने तो उतरणीच्या वाटेवरचा टप्पा असेल. तेनझिंग यांच्यासाठी तो आपल्या माणसांचा मुलूख होता. तंबूच्या त्या दारातून दोघांना एकच देखावा दिसत होता, पण त्यात घर एकाचेच होते. हे हिलरींनी लिहून ठेवले म्हणून आपल्याला कळले. माझ्या पाच पानांत असे एकही दार उघडत नाही. ती पाने आता मी पुन्हा लिहायला घेतली आहेत. पहिल्या वाक्यात फावडे घेणाऱ्याचे नाव आहे.